चाचांनी हात धरला

एमएस्सी होऊन कोकणातल्या एका केमिकल कारखान्यात लागलो, त्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी होती. रिॲक्टरमध्ये टोल्युइनचं नायट्रेशन चालू होतं. लाइट गेली, स्टिरर थांबला. वरच्या टाकीतून ॲसिड मात्र आपल्या वजनाने पडतच राहिलं. दहा-बारा मिनिटं माझ्या लक्षातच आलं नाही. लाइट आली तसा मी स्टिररच्या बटणाकडे धावलो. आमच्या जुन्या ऑपरेटर चाचांनी मनगट धरलं. "हात लावू नकोस बेटा. खाली ॲसिड साचलंय."

ढवळलं असतं तर साचलेलं सगळं एकदम पेटून उठलं असतं. चाचांनी ॲसिड बंद केलं, थंड पाणी चालू ठेवलं आणि पहाटे तळाच्या व्हॉल्व्हमधून ॲसिड हळूहळू काढून घेतलं. ते सातवी शिकलेले.

प्रयोगशाळेत हीच क्रिया मी शंभर वेळा केली होती. पण भांडं वाढतं तेव्हा उष्णता आकारमानाबरोबर वाढते, ती बाहेर नेणारी भिंत तेवढी वाढत नाही. 1 मीटर व्यासाच्या भांड्यात दर घनमीटर मालामागे कडेची भिंत 4 चौरस मीटर. 1 मिलिमीटरच्या नळीत 4,000. मायक्रोरिॲक्टर म्हणजे मुळात अशी नळीच. दोन पंप, दोन द्रव, आत कुठल्याही क्षणी थोडेच मिलिलिटर. मिनिटाला 10 मिलिलिटर म्हणजे चिल्लर वाटते, पण चोवीस तासांत 14.4 लिटर होतात. जास्त हवं तर नळ्या वाढवायच्या, किंवा व्यास बेताने. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांनी या विषयावर बरंच काम केलंय. 2020चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

सगळ्याच क्रिया यात बसत नाहीत. तासन्‌तास चालणाऱ्या क्रियेला नळी फार लांब लागते. आणि लहान कारखानदाराला जुना रिॲक्टर सोडवत नाही. आज एक माल, उद्या दुसरा, त्याच भांड्यात.

गेल्या ईदला चाचांना भेटायला गेलो. मोबाइलवर नळ्यांचे फोटो दाखवले, भरभरून सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"आणि एक नळी तुंबली तर?"

तिचा प्रवाह बाकीच्या नळ्यांत जातो, सगळ्यांचं प्रमाण बिघडतं. घन पदार्थ तयार होत असेल तर हीच खरी डोकेदुखी. मी म्हणालो, "प्रत्येक नळीला प्रेशर गेज लावतात, चाचा."

"आणि गेजकडे बघायला कोण असतं?"