आंबोलीच्या सड्यावर, कॅमेरा घेऊन

वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे मुंबईच्या साधारण तिप्पट. आंबोलीची ही ओळख शाळेच्या भूगोलापासून आपल्यासोबत असते. हौसेने निसर्गाचे फोटो काढणारी मंडळी मात्र या गावाकडे वेगळ्या ओढीने वळतात. वाघ किंवा गवा टिपायचा तर जीप हवी, लांब पल्ल्याची महागडी लेन्स हवी आणि नशीबही हवं. आंबोलीत एक मॅक्रो लेन्स, एक फ्लॅश, गमबूट आणि चिखलात गुडघे टेकायची तयारी एवढ्यावर काम होतं. इथले बघण्यासारखे जीव अंगठ्याएवढे असतात आणि त्यातले बरेचसे दिवस मावळल्यावरच बाहेर पडतात.

जूनच्या अखेरीस आम्ही चौघं दादरहून तुतारी एक्स्प्रेसने निघालो. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागलेलं होतं. दरडींच्या भीतीने या दिवसांत गाड्या जपून चालवतात, त्यामुळे सावंतवाडीला उतरायला चांगलाच उशीर झाला. मोती तलावाकाठी चहा घेतला. चितार आळीतली लाकडी खेळण्यांची दुकानं एसटीच्या खिडकीतूनच पाहिली. दाणोली मागे पडलं आणि घाट सुरू झाला. वेंगुर्ल्याचं बंदर बेळगावला जोडण्यासाठी इंग्रजांच्या काळात हा रस्ता झाला. कर्नल वेस्ट्रॉप या राजकीय प्रतिनिधीने त्याच्या माथ्यावरच्या आंबोलीला थंड हवेचं ठिकाण केलं. गाव सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अर्ध्या घाटातच ढग बसमध्ये शिरले आणि खिडक्यांच्या काचा आतून धुरकटल्या.

उष्ण कटिबंधातल्या पावसात फोटो काढणाऱ्याचा पहिला सामना याच धुरकटपणाशी होतो. इथे हवेत पाणी भरलेलं असतं. खोलीत गार पडलेली लेन्स दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर लगेच बाष्प धरतं, म्हणून बॅग अर्धा तास आधीच ओसरीवर आणून ठेवायची. फिरून आल्यावर कॅमेरा पुसायचा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवायचा. यात आळस केला तर लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि ती काढणं फार जिकिरीचं असतं.

अंधार पडल्यावर गावातला वाटाड्या आम्हाला जांभ्याच्या सड्यावर घेऊन गेला. सड्याच्या कडेला थांबून त्याने हेडटॉर्चचा झोत खाली वळवला. “ताई, पाय बघान टाका. खडकार बेडूक आसत,” तो म्हणाला. प्रत्येक पाऊल उजेडात पाहून टाकायचं, हा त्याचा पहिला आणि सर्वांत कडक नियम होता.

नियमामागचं कारण दोन-चार पावलांतच दिसलं. खडकाच्या खळग्यात बोटभर पाणी साचलं होतं आणि त्याच्या काठाशी एक तपकिरी बेडूक बसला होता, अंगावर पिवळसर, वेडेवाकडे पट्टे. हा आंबोली टोड, शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रिना. विज्ञानाने त्याची नोंद घेतली २००९ साली. त्या वर्षी सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नवी जात आणि तिच्यासाठी नवी प्रजातीही जाहीर केली. १९६३ साली कोयनेच्या परिसरातून वर्णन केलेला कोयना टोडही त्याच प्रजातीत आला. साऱ्या जगात आंबोली टोडचं घर दहा चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे.

पहिल्या जोरदार सरी आल्या की हे बेडूक सड्यावर गोळा होतात आणि खडकातल्या उथळ डबक्यांत अंडी घालतात. अशा पाण्यात मासे नसतात, त्यामुळे पिल्लांना खाणारे कमी. पण पावसाने उघडीप दिली तर डबकं आटतं आणि अंड्यांसकट सगळं वाळून जातं. पाण्याचा जीवच इतका थोडा असल्यावर एका गमबुटानेही एका विणीचं नुकसान होऊ शकतं. वाटाड्याचा कडकपणा मला पूर्णपणे पटला.

फोटो काढायचा तर खडकावर पालथं पडावं लागतं. जीव आणि त्याची प्रतिमा एकाच मापाची होईल इतकं जवळ गेलं की एफ ११ छिद्रावरही जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा भाग स्पष्ट येतो. डोळा टिपला तर नाकपुडी पुसट होते. श्वास सोडला तरी फोकस सरकतो. फ्लॅशचा उघडा झोत बेडकाच्या ओल्या कातडीवर पांढरे डाग पाडतो, म्हणून त्याच्यापुढे पांढऱ्या प्लास्टिकचा किंवा कापडाचा डिफ्यूझर लावतात. आमच्यातल्या एकाने दुधाच्या डब्याचं प्लास्टिक कापून तो घरी बनवला होता आणि त्याचा प्रकाश दुकानातल्या डिफ्यूझरइतकाच मऊ पडत होता. तरीही फ्लॅश मोजकेच मारावेत. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो उजेड पडत असतो. शेजारच्या झुडपात ओरडणारा नर आमच्या टॉर्चने गप्प झाला आणि टॉर्च विझवल्यावर बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा सूर धरला. त्याच्यासाठी ही ओरड म्हणजे मादीला बोलावणं असतं. आपल्यामुळे वाया गेलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या हंगामातून वजा होतं.

आम्ही उतरलो होतो त्या घरामागे सिमेंटची पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर एक फांदी वाकली होती. मलबारी उडत्या बेडकांच्या जोड्या तिथे जमल्या होत्या. रंग कोवळ्या पानाचा, बोटांमधले पडदे लालभडक. ते पडदे पसरून हा बेडूक एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नऊ-दहा मीटर तरंगत जाऊ शकतो. मादी अंडी घालताना सोडलेला द्रव पायांनी घुसळते आणि त्याचा पांढरा फेस होतो. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात, वरचा थर सुकतो, आतला ओलावा टिकतो. काही दिवसांनी पिल्लं फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. फोटोत अडथळा येतो म्हणून घरट्यापुढची पानं खुडणारे लोक असतात. तीच पानं घरट्याला ऊन-वाऱ्यापासून झाकत असतात. पान आड आलं तर आपण दोन पावलं सरकावं आणि तेवढ्याने जमलं नाही तर तो फोटो सोडून द्यावा.

मलबारी चापड्याच्या बाबतीत तर माझं मत याहून ठाम आहे. हा विषारी साप हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी अशा किती तरी रंगांत आढळतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारा खळगा असतो, त्याच्या आधाराने तो काळोखातही बेडूक, उंदीर ओळखतो. भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर तो दिवसचे दिवस बसून राहतो. ओढ्यावरच्या वेलीवरचा चापडा आम्हाला असाच भेटला आणि दुसऱ्या दिवशीही त्याच जागी होता. त्याच्या या स्वभावामुळेच तो सहज सापडतो आणि सहज छळलाही जातो. पार्श्वभूमी मोकळी मिळावी म्हणून काठीने फांदी वळवणं, जबडा उघडावा म्हणून डिवचणं, सापाला उचलून शेवाळाच्या दगडावर ‘मांडणं’ हे प्रकार फोटोच्या जगात सर्रास चालतात. असा फोटो कितीही देखणा असला तरी त्यातून सापाबद्दल काहीच खरं कळत नाही. त्याने निवडलेली जागा, त्याचं भक्ष्य येण्याची वाट, त्याची बसण्याची ढब, सगळं त्यातून पुसलेलं असतं.

परतीच्या वाटेवर, डांबरी रस्त्याच्या कडेला वाटाड्या एकदम वाकला. गांडुळासारखं दिसणारं काहीतरी रस्ता ओलांडत होतं. ते देवगांडूळ होतं, बेडकांच्या लांबच्या गणगोतातला पाय नसलेला उभयचर. याचं आयुष्य मातीत जातं, क्वचित जोरदार पावसात ते वर येतं. आंबोलीतूनच २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात वर्णिली गेली आणि तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. लोक याला सापाचं पिल्लू समजून मारतात. आम्ही पाहिलेलं देवगांडूळ सुखरूप पलीकडे गेलं. पुढच्या वळणावर चाकाखाली चिरडलेले बेडूक मात्र बरेच दिसले. शनिवार-रविवारी धबधबा बघायला आलेल्या गाड्या रात्री उशिरापर्यंत याच रस्त्याने जात-येत असतात.

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. नदीचा उगम गुहेत आहे, पुढे देऊळ आणि कुंड. या पाण्यात राहणाऱ्या एका लहान माशाचं वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं आणि त्याला नाव मिळालं शिस्टुरा हिरण्यकेशी. त्यानंतर वर्षभरात, २०२१ साली, राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. दर्शनाला येणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या माशाला पाहिलं असणार. जरा थांबून, जवळून निरखून बघण्याने इतका फरक पडतो आणि हौशी छायाचित्रकाराला नेमकं हेच जमतं. त्याच्याकडे वेळ असतो, चिकाटी असते आणि हातात तपशील टिपणारं यंत्र असतं. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय फुलपाखरांच्या माहितीसंग्रहात हजारो फोटो अशाच हौशी लोकांनी दिले आहेत. मात्र तारीख, ठिकाण आणि अधिवास यांची नोंद नसलेला फोटो अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो.

एका धोक्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. काइट्रिड बुरशीच्या रोगाने जगभरात ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्या, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं. पश्चिम घाटातही या बुरशीची नोंद आहे. ती पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. एका जंगलातला चिखल लागलेले बूट तसेच दुसऱ्या जंगलात नेणं म्हणूनच धोक्याचं आहे.

तेव्हा आंबोलीला जरूर जा, पहिला पाऊस स्थिरावला की जा. गावातल्याच माणसाला सोबत घ्या आणि त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. निघण्याआधी बूट धुवून, पूर्ण वाळवून घ्या. मच्छर पळवणारं मलम लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श करू नका, कारण तो कातडीतूनही श्वास घेतो. घाटात रात्री गाडी सावकाश चालवा. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि अधिवास लिहून ठेवा, ती नोंद अभ्यासकांपर्यंत पोचवा. आंबोली टोडसारख्या दुर्मीळ जिवाचा फोटो इतरांना दाखवताना मात्र डबक्याचा नेमका पत्ता कोणालाही सांगू नका.