राखणदाराची वाट

गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या काळ्याभोर मातीत पसरलेला परभणी जिल्हा जनाबाईंच्या गंगाखेडमुळे अवघ्या महाराष्ट्राला जवळचा वाटतो. कापूस आणि ज्वारीच्या याच मुलखात थोड्या संख्येने राहणारे कॅथलिक ख्रिस्ती ज्या बिशपांना आपले धर्मप्रमुख मानतात, त्यांचे पीठ मात्र दूर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आहे. १९७७ च्या १७ डिसेंबरला अमरावतीपासून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या अधिकारातील मुलूख, स्थापन झाला आणि डॉमिनिक अब्रेओ त्याचे पहिले बिशप झाले.

बिशप या नावाचे मूळ ‘एपिस्कोपोस’ या ग्रीक शब्दात, म्हणजे ‘देखरेख करणारा’ या अर्थात आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स आपल्या अंकित नगरांत जे तपासनीस पाठवी, त्यांनाही हेच नाव होते; परंतु संत पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ते श्रद्धावंतांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आले, आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नेशियसच्या पत्रांत एका नगराच्या मंडळीचा एकच प्रमुख, असे या पदाचे रूप स्पष्ट झाले. सत्तेच्या नजरेत अशी माया उतरली, आणि बिशपाच्या हाती आली ती वाकड्या टोकाची मेंढपाळाची काठी, जिचा अर्थ माळरानावर कळपामागे चालणाऱ्या धनगराला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

राखण एका जागी बसून होत नाही, हे जाणूनच १९८३ च्या धर्मविधानाने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेने, बिशपाने दर पाच वर्षांत निदान एकदा आपला सारा धर्मप्रांत हिंडून पाहावा, असे बंधन घातले आहे. दृढीकरणाचा संस्कार, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या कपाळी पवित्र तेल लावून त्यांची श्रद्धा बळकट केली जाते, तोही बहुधा त्यांच्याच हातून होतो. मात्र पायांनी गाठलेले गाव मनानेही गाठावे लागते, आणि तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे १९९८ मध्ये वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, तेव्हा या भूमीची भक्ती समजून घेणे हेही राखणीचेच काम आहे, याची साक्ष मिळाली.

म्हणून या पदाची थोरवी पीठाच्या उंचीवर ठरत नाही. परभणीसारख्या दूरच्या जिल्ह्यातील मूठभर माणसांपर्यंत जो पोहोचतो आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत ऐकून घेतो, तोच या प्राचीन नावाला खरा पात्र ठरतो.