पोरीचे विमान आदळले तेव्हा

वर्ध्याला विमानतळ नाही. विमान जवळून पाहायचे तर नागपूरला सोनेगावला जावे लागते. आमच्या घरात तेही कुणी पाहिले नव्हते. मुलगी मात्र वैमानिक व्हायला निघाली. नोकरीच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. त्यापायी मिस्टरांचा फंड गेला, वर बँकेचे कर्ज.

गेल्या हिवाळ्यात ती एकटीच सरावाला गेली आणि उतरताना विमान धावपट्टीवर आदळून उसळले. तिला इजा नाही. पण वस्तीत बातमी फिरली. शेजारच्या मावशी आल्या. "पोरीले घरी आण न बाई. कायले आभाळात धाडतं?" त्यांना मुंबईची बातमी आठवत होती. १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेले छोटे खाजगी जेट भर पावसात धावपट्टीवरून बाजूला जाऊन आदळले, तुटले, पेटले. आतली आठही माणसे वाचली, हे मात्र मावशींच्या लक्षात नव्हते.

मी मुलीला खोदून विचारले. ती म्हणाली, जमीन जवळ आली की विमानाचे नाक हळूच उचलायचे, म्हणजे मागची चाके आधी टेकतात. उशीर झाला तर आदळते. फार लवकर उचलले तरी वेग संपून धपकन पडते. उसळल्यावर घाबरून नाक खाली दाबले, की पुढचे चाक मोडलेच. तिने दाबले नाही. इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर गेली, फेरी मारून नीट उतरली आणि झाले ते लिहून दिले. सोबतचा मुलगा म्हणत होता, बाहेरून काही दिसत नाही, कशाला लिहितेस? लिहिल्यावर तपासणीसाठी विमान उभे, हिचे उड्डाण बंद, खोलीचे भाडे मात्र चालूच.

मिस्टर एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी एवढेच विचारले, "लिहून देल्लं न?" गाडी खड्ड्यात आदळली की चांगला ड्रायव्हर डेपोत येऊन सांगतो, असे ते नेहमी म्हणत. न सांगणाऱ्याचा पाटा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती तुटतो, अन् गाडीत चाळीस माणसे.

तपासणीत पुढच्या चाकाच्या दांड्याला बारीक तडा निघाला. त्याच विमानात दुसऱ्या दिवशी एक नवी पोरगी बसणार होती.

मावशी अजून बोलतात. मी मुलीला परत बोलावले नाही. तिचे १४१ तास झालेत, ५९ बाकी आहेत.