जुन्या रस्त्यानं अजिंठ्याला

मित्रांनो, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून तुम्ही जास्तीत जास्त किती लांब गेला आहात? नागपूरची मुलं बहुतेक रामटेकपर्यंत जाऊन आलेली असतात. फारच झालं तर पेंचपर्यंत. माझा अकरावीतला भाचा मात्र रोज रात्री मोबाइलवर अमेरिकेत फिरून येतो! तिथे म्हणे लोक मोटारसायकली काढतात आणि ‘रूट ६६’ नावाच्या रस्त्यानं शिकागोहून थेट लॉस एंजलिस गाठतात. जवळजवळ ३,९०० किलोमीटर! वाटेत वाळवंट, जुनी गावं, आकाशातून पडलेल्या दगडानं केलेला प्रचंड खड्डा... ‘‘मामा, बघण्यासारखं सगळं तिकडेच. आपल्याकडे काय आहे?’’ भाचेबुवांनी एक दिवस विचारलं.

बारावीनंतर त्याचं पुण्याला जायचं ठरलेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न मला जरा लागलाच. एकदा गाव सुटलं की माणूस सणासुदीलाच घरी येतो. मग आपला मुलूख बघायचा कधी?

पण त्याच्या त्या रूट ६६ ची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. हा रस्ता १९२६ मध्ये ठरवला गेला. पुढे त्याच्या शेजारून मोठे, वेगवान हमरस्ते झाले आणि १९८५ मध्ये रूट ६६ हे नाव सरकारी यादीतून काढून टाकण्यात आलं. वाटेतल्या कितीतरी गावांतली गिऱ्हाइकी आटली. तरीसुद्धा लोक आजही मुद्दाम तोच जुना रस्ता शोधत जातात. का? तर मोठ्या रस्त्यानं गेलं की लवकर पोचता येतं, पण मधलं काहीच दिसत नाही.

आता आपल्याकडे बघा. नागपूरहून मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा जून २०२५ मध्ये. रस्ता झकास आहे, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे मोटारसायकलवाल्यांनी जायचं कुठून? जुन्या रस्त्यानं! वर्धा, पुलगाव, कारंजा, मालेगाव, सिंदखेड राजा, जालना... एस.टी.च्या पाट्यांवर वाचलेली ही नावं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामा-भाचे याच रस्त्यानं अजिंठ्यापर्यंत जायचं, असं ठरवून टाकलं.

ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, तीन अटी घातल्या. हेल्मेट दोघांनाही. दर तासा-दीड तासानं थांबायचंच. आणि दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही. चौथी अट माझी होती. प्रत्येक थांब्यावर भाचेबुवांनी वहीत निदान एक ओळ लिहायची.

पहाटे निघालो ते झिरो माइलच्या दगडापासून. नागपूरकर त्याच्यावरून रोज जातात, पण थांबतात किती? हा खांब १९०७ मधला. हिंदुस्थानच्या मोठ्या सर्वेक्षणाशी त्याचा संबंध आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट. शिवाय गावांची अंतरं आहेत. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल. भाच्यानं हातानं अक्षरं चाचपून पाहिली आणि म्हणाला, ‘‘यात अजिंठा नाहीये.’’ म्हटलं, ‘‘मग आपणच मोजू की!’’ गाडीच्या मीटरचा आकडा वहीत पहिल्या पानावर गेला.

पहिला मोठा थांबा पवनार. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. विनोबा १९३८ मध्ये इथे राहायला आले. जमीन खणताना त्यांना जुन्या दगडी मूर्ती सापडल्या. त्यातली राम आणि भरत यांच्या भेटीची मूर्ती आजही आश्रमात आहे. नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी असं मत मांडलं होतं, की वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार. वाकाटक हे नाव लक्षात ठेवा बरं का. पुढे लागणार आहे.

तिथून जवळच सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथे आले, तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं. ते सेवाग्राम झालं १९४० मध्ये. बापूकुटी बघताना भाचेबुवा गप्पच झाले. मातीच्या भिंती, कौलं, जमिनीवर चटई. देशभरातले पुढारी ज्यांना भेटायला यायचे, त्यांचं घर आपल्या आजोळच्या घराहूनही साधं! पण त्याचा डोळा अडकला तो साप पकडायच्या चिमट्यावर आणि पेटीवर. आश्रमात साप निघाला तर तो मारायचा नाही, पकडून लांब सोडून यायचा. वहीत ओळ पडली, ‘सापाची पण सोय होती.’

पुलगावच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. बाया ओटीत कापूस वेचत होत्या आणि बैलगाड्या शिगोशीग भरून चालल्या होत्या. मोटारीच्या काचेतून हे दिसतं, पण मोटारसायकलवर त्याचा वाससुद्धा येतो! ओल्या मातीचा, जनावरांचा, जिनिंगजवळच्या सरकीचा. भाच्यानं हेल्मेटची काच वर केली आणि तोंडात एक चिलट गेलं. लगेच काच खाली!

कारंजा लाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाले काका म्हणाले, ‘‘पहिले रातभर गाड्या थांबे भाऊ. आता वरतूनच जाते.’’ वरतून म्हणजे नव्या रस्त्यानं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. रूट ६६ वरच्या गावांची गोष्ट त्यानं मोबाइलवर ऐकली होती, इथे ती त्याला चहा देत होती. ‘‘मग तुमचं कसं चालतं?’’ त्यानं विचारलं. काका म्हणाले, ‘‘शेती हाय न थोडी. अन् तुमच्यासारखे फटफटीवाले येते.’’ त्यांनी पैसे घेतले, पण बिस्किटांचे घेतले नाहीत.

मालेगावहून जरा वाट वाकडी करून आम्ही वाशीमला गेलो. का? तर वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, दीड हजार वर्षांपूर्वीची! भाचेबुवा उत्साहानं उतरले. ‘‘राजवाडा कुठाय?’’ राजवाडा नाही. किल्ला? तोही नाही. गजबजलेलं जिल्ह्याचं गाव, बाजार, रिक्षा, पद्मतीर्थाचं पाणी. आम्ही त्या पाण्याच्या काठी अर्धा तास बसून संत्री खाल्ली. वहीत ओळ पडली, ‘वाशीम. काहीच दिसलं नाही.’ मी काही बोललो नाही.

रिसोडमार्गे संध्याकाळच्या आत लोणार गाठलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विवराच्या काठावर उभे राहिलो तेव्हा पाच मिनिटं आम्हा दोघांचीही बोलती बंद! काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. दीडशे मीटरच्या आसपास खोल. तळाशी हिरवट पाणी आणि भोवती दाट झाडी. लाखो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी येऊन इथे आदळला. २०१० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी खडक तपासून या विवराचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं काढलं. आपल्या पूर्वजांनी त्याची गोष्ट वेगळी सांगितली. लोणासुर नावाचा दैत्य इथे राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर त्याच गोष्टीचं आहे.

आता भाच्याच्या अमेरिकेतल्या खड्ड्याकडे वळू. तो अॅरिझोनात आहे. रुंदी सुमारे १.२ किलोमीटर, वय सुमारे ५० हजार वर्षं. चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांनी तिथे सराव केला होता, तेव्हा त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण आपलं लोणार रुंदीनं मोठं आहे आणि ते काळ्या बेसाल्ट खडकात झालेलं आहे. असं विवर पृथ्वीवर फार विरळा. चंद्रावरच्या खडकाशी तुलना करायला शास्त्रज्ञ म्हणूनच इथे येतात.

खाली उतरलो तर आणखी गंमत. काठाजवळच्या धारेचं पाणी गोडं आणि तळ्याचं पाणी खारट, साबणासारखं क्षारयुक्त. जून २०२० मध्ये हे तळं चक्क गुलाबी झालं होतं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि मीठ आवडणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असं निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा मान मिळाला, म्हणजे जगानं जपण्याजोग्या पाणथळ जागांच्या यादीत ते गेलं. चढून वर येताना भाचेबुवांना धाप लागली होती, पण मोबाइलमधला खड्डा काही त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे सिंदखेड राजा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा इथेच. वाड्याचं ते उंच प्रवेशद्वार बघा, आणि लखुजींची समाधी बघायला विसरू नका. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाहाच्या दरबारात लखुजींची हत्या झाली. त्यानंतर वर्षभरात त्यांच्या लेकीच्या पोटी शिवबा जन्मले. समाधीपाशी उभं राहून ही दोन सालं शेजारी ठेवली की पाठ्यपुस्तकातला धडा एकदम घरातला वाटायला लागतो.

जालन्याला मुक्काम. सकाळी चेनला तेल, चाकांत हवा, आणि भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठा. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारख्या कड्यात कोरलेली ती तीस लेणी. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती शिकारीच्या वाटेवर दिसली, हे तुम्ही वाचलं असेल. रंगवलेली चित्रं बघून डोळे निवतातच. पण मला तुम्हाला सांगायचंय ते सोळाव्या लेण्याबद्दल.

त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक संस्कृत लेख आहे. हे लेणं कोणी करवून घेतलं ते त्यात लिहिलंय. वराहदेव नावाच्या मंत्र्यानं. आणि हा मंत्री कोणाचा? तर वाकाटक राजा हरिषेणाचा!

भाचा जागच्या जागी थांबला. ‘‘हरिषेण म्हणजे... वाशीमचे?’’

‘‘वाशीमचेच.’’

‘‘आपण संत्री खाल्ली ते वाशीम?’’

‘‘तेच!’’

त्यानं पाठीवरच्या पिशवीतून वही काढली. ‘काहीच दिसलं नाही’ ही ओळ खोडली नाही. तिच्या पुढे बाण काढला आणि लिहिलं, ‘बाकीचं अजिंठ्यात आहे.’

मित्रांनो, मला वाटतं, प्रवासात थांबायचं ते यासाठी. एक-एक ठिकाण सुटं पाहिलं तर तो नुसता फोटो होतो. पवनारच्या मूर्ती, वाशीमचं रिकामं तळं आणि अजिंठ्याचा लेख एकाच रस्त्यानं, सावकाश पाहिले, तर ते एकमेकांशी बोलायला लागतात. भाचा पुण्याला जाणारच आहे आणि त्यानं जावंही. पण कोणी विचारलं, तुमच्याकडे काय आहे, तर आता त्याच्याकडे एक वही आहे.

तुमच्याकडे मोटारसायकल नसेल तर बिघडत नाही. वाटेतली ही सगळी गावं एस.टी.नं जोडलेली आहेत. आईबाबांना नकाशा दाखवा, चार-पाचच ठिकाणं निवडा, आणि त्यात एक तरी असं घ्या, जिथे ‘बघण्यासारखं काही नाही’ असं लोक सांगतात. आणि हो, अजिंठा सोमवारी बंद असतो. वार बघून निघा हं!