घरचा संगणक आणि पंचवीस अक्षरं

मैत्रिणींनो, संगणक घरी जुळवणं हे दिवाळीच्या चकल्या करण्याइतपतच अवघड आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आहे ते तसंच! सात-आठ वस्तू, एक फुल्लीचा स्क्रूड्रायव्हर, चांगला उजेड आणि पायात पायात करणारं लहान मूल घरात नाही अशी एक दुपार, एवढं पुरतं. खरी परीक्षा त्याच्या पुढे. जुळलेलं यंत्र चालू केलं की पंखे गरगरतात, दिवे लुकलुकतात आणि काळ्या पडद्यावर एवढंच येतं, की सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मग त्यात विंडोज घालायची. आणि ही विंडोज म्हणजे वाण्याकडून साखर आणावी तशी आणायची वस्तू नव्हे. पैसे मोजूनही ती आपली होत नाही. आपल्याला मिळते ती वापरायची परवानगी, आणि तीही अटी घालून.

मी नांदेडला घरीच मराठी टंकलेखनाची कामं घेते. १९९४ साली इथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ह्या भागातल्या पोरापोरींची प्रबंधासाठी तेव्हाच्या औरंगाबादची वारी चुकली. त्यांचे हस्तलिखित गठ्ठे माझ्यासारखीच्या घरी येऊ लागले. अर्ज, वकिलांचे दावे, सोसायट्यांचे अहवाल, तेही असतंच. माझा जुना संगणक विंडोज १० वर चालायचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. ज्यांनी नोंद केली त्यांना वर्षभराची जादा मुदत मिळाली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण ती म्हणजे भाडेकरूला घर सोडायला दिलेली मुदत! विंडोज ११ घालावी, तर तिला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा. माझा चौथ्या पिढीचा. यंत्र धडधाकट, पण पंगतीला बसायची मुभा नाही.

“आत्या, लिनक्स घालू या की, फुकट आहे,” असं भाची म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. ज्यांना पत्रव्यवहार, हिशेब आणि सिनेमे एवढंच हवं, त्यांनी खुशाल लिनक्स घ्यावं. माझी अडचण वेगळी. माझे जुने प्रबंध पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप केलेले आहेत, आणि माझ्याकडची श्रीलिपी विंडोजवरच चालते. ते टाइप आजच्या युनिकोडच्या आधीचे. दुसरीकडे फाइल उघडली की ‘अनुक्रमणिका’च्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे खडे! एखादा प्राध्यापक आठ-दहा वर्षांनी येतो आणि म्हणतो, “बाई, त्या प्रबंधाचं पुस्तक काढायचंय, फाइल आहे का?” त्याला काय खडे देऊ? म्हणून विंडोजच हवी होती.

आता ह्या भाचीविषयी सांगते. ती लातूरची. लातूरचं नाव काढलं की लोकांना ‘लातूर पॅटर्न’ आठवतो, बोर्डाच्या गुणवत्ता याद्या आणि डॉक्टर झालेली मुलं आठवतात. ज्यांच्या घरची मुलं त्या यादीत आली नाहीत, त्या घरांत काय शांतता असते ते यादी वाचणाऱ्यांना कळत नाही. ही दोनदा नीटला बसली. दोन्ही वेळा गुण कमी पडले. मग तिने आपणहून संगणक-दुरुस्तीच्या कोर्सला नाव घातलं, आणि माझा भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. माझ्या संगणकाचं निमित्त काढून मी तिला आठ दिवस नांदेडला बोलावून घेतलं. भावाचा लगेच फोन! “अक्का, काय करलालीस गं त्या पोरीला घेऊन? दुकानातून आयता का आणत नाहीस?” मी म्हटलं, “आयत्या ब्लाउजपेक्षा शिवलेला अंगाला नीट बसतो.” त्यावर तो काही बोलला नाही.

सामान तिने यादी करून आणलं. बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर लातुरातून, कॅबिनेट, रॅम आणि एसएसडी नांदेडातून. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. कामाला बसायचं तर रॅम ८ च्या खाली घेऊ नये, असं तिचं मत आणि आता माझंही. जुळवायला बसताना तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती साडी बदलायची! नायलॉन-पॉलिएस्टरच्या कपड्यात हिवाळ्यात आपल्या अंगात वीज साठते. अंधारात स्वेटर काढताना तडतडते ना, तीच. तेवढ्यानेही चिप जाऊ शकते. तेव्हा सुती कपडे, आणि बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाटाण्याएवढीच. तूप थापावं तशी थापायची नाही. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे की नाही हे मात्र वायरमनकडून पाहून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं.

तासाभरात यंत्र उभं राहिलं. विंडोजचा विषय निघाला तेव्हा ज्या दुकानातून कॅबिनेट आणलं होतं तो दुकानदार म्हणाला होता, “ओरिजिनल कशाला घेता मॅडम? इथं सगळ्यांना तशीच टाकून देतो.” आमच्या ह्यांनाही ते पटलं होतं. ओरिजिनलची किंमत प्रोसेसरच्या किमतीला जाऊन भिडणारी. माझ्या हिशेबात म्हणजे कितीतरी पानांची मजुरी.

हा वाद मुळी आजचा नाहीच. १९७५ मध्ये अमेरिकेत अल्टेअर नावाचा संगणक निघाला, तो सुटे भाग मागवून हौशी लोक घरीच डाग देऊन जुळवत. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन ह्यांनी बेसिक ही भाषा तयार केली. ती कागदी पट्टीवर भोकं पाडून मिळायची. हौशी मंडळींनी एका पट्टीच्या अनेक पट्ट्या केल्या आणि मित्रांत वाटल्या! तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ ला वीस वर्षांच्या गेट्सने त्या हौशी लोकांना उघड पत्र लिहिलं: यंत्राचे पैसे तुम्ही देता, मग आमच्या कामाचे का देत नाही? म्हणजे बघा, घरी संगणक जुळवणारे आणि त्यात घालायची विद्या विकणारे, ह्यांचं भांडण पन्नास वर्षांचं आहे. गेट्स पुढे केवढा श्रीमंत झाला ते जगाला ठाऊक आहे, म्हणून त्याची कणव येत नाही हे खरं. पण ‘नुसतं टाइप तर करायचं, त्याचे कसले पैसे?’ हे मीही ऐकलेलं आहे. त्या पत्रातला राग मला कळतो.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ६३-बी हे कलम आलं. नकली प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद वगळू शकतं. माझा तर धंदाच! पण मला अधिक भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. नकली विंडोज चालू करायच्या बहुतेक युक्त्यांत आधी विषाणूरोधक बंद करायला सांगतात. पहारेकऱ्याला झोपवून चोराकडून कुलूप बसवून घ्यायचं, तसलं हे. लोकांचे अप्रकाशित प्रबंध आणि घरच्या वाटणीचे दावे माझ्या संगणकात असतात. मी ह्यांना सांगितलं, पैसे माझ्या मजुरीतून जातील. विषय संपला.

घेताना एक पाहावं. तयार संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना पहिल्या बोर्डाशीच जखडलेला असतो. बोर्ड जळून दुसरा घातला की परवाना गेला. रिटेल परवाना महाग, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. आमच्याकडे विजेच्या चढउतारात बोर्ड जाणं काही अपूर्वाईचं नाही, म्हणून रिटेलच घेतला. दोन-तीनशे रुपयांत ‘ओरिजिनल’ मिळते म्हणतात, त्या वाटेला जाऊ नये.

विंडोज घालायचा पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने फुकट तयार होतो. त्यावर आधीचं काही असेल तर पुसलं जातं, लग्नाचे फोटोसुद्धा. जुन्या संगणकातली हार्डडिस्क नव्यात बसवायची होती. भाचीने तिची वायर लावू दिली नाही. “आधी विंडोज पूर्ण होऊ द्या. चुकून भलतीच डिस्क पुसली गेली तर वीस वर्षं जातील तुमची.” हे ती इतक्या सहज म्हणाली, आणि माझ्या पोटात गोळाच आला. ती डिस्क मी उचलून देवघरात ठेवली.

पहिल्याच पायरीला पडद्यावर पाटी: हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही! मी कपाळाला हात लावला. पोरगी हसली. टीपीएम नावाचा एक किल्ल्या सांभाळणारा भाग लागतो, तो अशा प्रोसेसरमध्ये असतोच, फक्त बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो. चालू करताना डिलीट दाबत राहून ती आत शिरली, पीटीटी चालू केलं, सीएसएम बंद केलं, आणि पाटी गेली. दुसरा खोळंबा इंटरनेटचा. होम आवृत्तीला घालतानाच नेट लागतं, आणि नेटच्या चिपचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नव्हता. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही! तिने माझा मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडला, टेदरिंग चालू केलं, आणि गाडी पुढे सरकली. पंचवीस अक्षरांची किल्ली तिने तेव्हा घातलीच नाही. ‘नंतर’ म्हणता येतं. एखादा भाग खराब निघून बदलावा लागला तर परवान्याची भानगड नको.

मग पडद्यावर खात्याचं नाव विचारलं. तिने सवयीने म्हटलं, “काकांचा ई-मेल टाकू?” परवाना त्या खात्याशी बांधला जातो, उद्या बोर्ड बदलला तर त्याच खात्यावरून तो परत मागायचा. आमच्या घराच्या कागदांवर ह्यांचं नाव, माहेरच्या सातबाऱ्यावर भावाचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर तेवढं घरातल्या मोठ्या बाईचं नाव पहिलं आलं. मी म्हटलं, “माझा टाक.” मला ई-मेल आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली आणि परत वाचू लागले.

दोन दिवस संगणक नीट चालला, तेव्हा मी स्वतः बसून ती पंचवीस अक्षरं घातली, पाच-पाचच्या पाच गटांत. कोपऱ्यातली ‘विंडोज सक्रिय करा’ ही पुसट ओळ नाहीशी झाली. मराठी भाषा जोडली, की र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल टाइप येतो, तोही आला. मग देवघरातली डिस्क लावली, श्रीलिपी घातली आणि सगळ्यात जुना प्रबंध उघडला. काना-मात्रा जागच्या जागी होत्या. र्‍हस्व-दीर्घसुद्धा.

जुन्या यंत्रात तिने लिनक्स घातलं आणि ते गोणपाटात गुंडाळून अहमदपूरमार्गे एस.टी.ने लातूरला नेलं, भावाच्या खतबियाण्याच्या दुकानात बिलं करायला. परवा मी फोन केला तर मागे कुणी गिऱ्हाईक विचारत होतं, ह्याच्यात कोणती विंडोज आहे म्हणून. भाऊ त्याला म्हणाला, “मला काय कळतंय त्यातलं? संध्याकाळी ये, पोरगी असते.”