नागभीडच्या अंगणातला क्लच

नागपूरहून नागभीडला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 2019 साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. म्हणून आम्ही एस.टी.ने गेलो. भिवापूर ओलांडले की धानाच्या बांध्या, मग जंगल.

भाऊजींच्या अंगणात जुनी महिंद्रा जीप उभी होती. इंजिन गर्जायचे, पण चढावर गाडी सरकत नसे. क्लच गेला होता. घर चालते ते याच जीपवर. धानकापणी तोंडावर, आणि गॅरेजने सांगितलेला खर्च आवाक्याबाहेरचा.

आयटीआय झालेली भाची म्हणाली, "मामा, नुसत्या जॅकवर भरवसा नको." तिने खाली लाकडी ठोकळे लावले. आम्ही दोघांनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचे लायनिंग रिबिटांपर्यंत झिजले होते. आम्ही धूळ फुंकणार, तोच तिने हात धरला. "जुन्या लायनिंगात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, छातीत जातो." मग ओल्या फडक्याने पुसून घेतले.

नवी प्लेट बसवली, पण गिअरबॉक्स आत जाईना. प्लेट मधोमध नव्हती. तिने जुन्या शाफ्टने ती मध्यावर आणली, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवली.

संध्याकाळी घोडाझरीच्या रस्त्याला चढावर जीप सरळ निघाली. अंधारापूर्वी परतलो, वाघाचा मुलूख आहे.

"पोरीला मेकॅनिकच्या कोर्सला कशाला घालता?" असे भाऊजींना आम्हीच म्हणालो होतो. वाचकहो, ते शब्द आम्ही त्याच अंगणात, तिच्यासमोर मागे घेतले.