वाचता न येणारं लेकरू

शाळेत मागं पडणाऱ्या लेकराला आपल्याकडं एका अक्षरात निकालात काढतात. ढ. हेच अक्षर का, याची गोष्ट जाणकार सांगतात. अशोकाच्या काळी, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, दगडांवर ब्राह्मी लिपी कोरली गेली. तिच्यातली बाकीची बहुतेक अक्षरं पुढं इतकी बदलली, की आज ओळखू येत नाहीत. ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ. गोष्ट ऐकायला मजेची आहे. ज्या लेकराच्या कपाळावर हे अक्षर बसतं, त्याला मात्र तिची मजा वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होतो. माझ्या शेजारी एक पोरगा बसे. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. कीर्तनातली कथा एकदा ऐकली, की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगे. पण पुस्तक हातात दिलं की गप. छड्या खाऊन हात सुजत, पण अक्षर काही तोंडातून निघत नसे. चौथीत त्याची शाळा सुटली. पुढं तो डिझेल इंजिनाचा मिस्त्री झाला. दुरून आवाज ऐकूनच सांगे, इंजिनात काय बिघडलं ते. पण कुठं कागद पुढं आला की त्याचं एकच वाक्य, ‘चष्मा घरी राह्यला, जरा वाचा बरं.’ चष्मा त्याला कधी लागलाच नव्हता. एकदा कुणीतरी वाचून दाखवलं एक अन् कागदावर होतं दुसरं. त्यात त्याचं दीड एकर वावर गेलं.

हे आठवायचं कारण माझा नातू. अकरा वर्षांचा आहे, पाचवीत. बारा क्विंटल सोयाबीन, भाव बेचाळीसशे, किती झाले? मी बोटं मोडेपर्यंत हा सांगतो, ‘पन्नास हजार चारशे, आबा. हमाली वेगळी.’ तुरीच्या किती ओळी, कोणत्या गाईची कोणती कालवड, सगळं डोक्यात. पण दुसरीचं पुस्तक पुढं ठेवा. घराचं धर होतं, भाकरीची माकर होते. ओळ अर्ध्यात सुटते. मग तो चित्र पाहून अंदाजानं काहीतरी म्हणतो. वर्गात पोरं हसतात. मागच्या वर्षी वाचायचा तास आला की त्याचं पोट दुखायचं, अन् ते खरंच दुखायचं. एक दिवस मला म्हणाला, ‘मले अक्षर दिसते आबा, पण थे बोलत नाई.’

त्याचा बाप, म्हणजे माझा पोरगा, कंटाळला. म्हणाला, ‘बाबा, याचं डोकंच चालत नाई वाचनात. सातवीनंतर ट्रॅक्टरवर टाकू.’ मी म्हणालो, ‘ट्रॅक्टर चालवायला माझी ना नाही. पण उद्या कर्जाच्या कागदावर सही करताना यानंही चष्मा घरी राह्यला म्हणावं का?’ तो काही बोलला नाही.

मंगरुळपीर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून शाळांवर फिरणारे एक विशेष शिक्षक आहेत. त्यांना मी घरी बोलावलं. चहा घेता घेता त्यांनी पोराशी तासभर गप्पा मारल्या, थोडं वाचून घेतलं, थोडं लिहून घेतलं. मग मला म्हणाले, ‘काका, याची बुद्धी चांगली आहे. अक्षर अन् आवाज यांची गाठ पडायला याला वेळ लागतो. याला डिस्लेक्सिया म्हणतात. पण पक्कं निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.’ हे काही आजचं खूळ नाही, हेही त्यांनी सांगितलं. १८९६ साली इंग्लंडातल्या मॉर्गन नावाच्या डॉक्टरानं चौदा वर्षांच्या एका पोराबद्दल लिहून ठेवलं आहे. पोरगा हुशार, नजर चांगली, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. मला माझा इंजिनवाला मिस्त्री आठवला. १८९६ पासून माहीत असलेली गोष्ट आमच्या वर्गात १९७२ पर्यंत पोचली नव्हती. पोचली होती ती छडी.

त्या दिवसापासून मी मराठी अक्षरांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ‘दिवस’ शब्द घ्या. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण तिचा आवाज ‘द’च्या नंतर येतो. एकट्या ‘र’चे वेष बघा: राजा, सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो अन् ‘य’ मागून, पण लिहिताना ‘र’ जाऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो. घ अन् ध, भ अन् म यांच्यात फरक तो केवढा? आमच्या गावाचं नाव सोपं आहे. शे, लू, बा, जा, र. एकही जोडाक्षर नाही. पण गावाजवळून रस्ता गेला त्याचं नाव समृद्धी महामार्ग. त्यात मृ आहे, द्ध आहे, र्ग आहे. आपण हे सगळं डोळा लवायच्या आत ओलांडतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. ज्याचा पाय अडतो त्यालाच दगड कळतो.

आता आम्ही रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं बसतो. जास्त नाही. काळ्या जमिनीत पाऊस झाल्याबरोबर तिफण घातली तर फण चिखलानं भरतात. वाफसा आला की तीच जमीन मऊ चालते. लेकराचंही तसंच. थकलेलं, रडवेलं असलं की पुस्तक उघडायचं नाही. ताटात ज्वारीचं पीठ पसरतो, त्यात बोटानं अक्षर काढायचं अन् काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. शब्द टाळ्या वाजवून फोडायचा: वा-व-र, स-र-की. वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायची, म्हणजे खालची ओळ डोळ्यात घुसत नाही. आधी मी वाचतो, मग दोघं मिळून, मग तो एकटा. त्याची आई स्वयंपाक करता करता इतिहासाचा धडा वाचून दाखवते, कारण वाचता येत नाही म्हणून शिवाजी महाराज कळायचे थांबू नयेत. हे सगळं विशेष शिक्षकांनी दाखवलेलं आहे. पीठ तेवढं घरचं.

आठ महिन्यांत चमत्कार झाला नाही. पण परवा खताच्या पोत्यावरचं नाव त्यानं आपणहून वाचलं. तीन ठिकाणी अडला, पण शेवटपर्यंत गेला. पोटदुखी थांबली, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते.

राहिला कागदाचा प्रश्न. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा पुष्कळांनी डोळे पुसले. पण त्यातला पोरगा शहरातला, इंग्रजी शाळेतला. मराठी शाळेतल्या लेकराची परीक्षा कशानं करायची? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी काढली, ती मराठीतही आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ही अडचण नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले अन् त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली. डॉक्टरांचा दाखला असला की दहावीच्या परीक्षेला जास्तीचा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. पण पूर्वी असा दाखला म्हणजे मुंबईचे सायन, नायर, केईएम हे दवाखाने. शेलूबाजारहून मुंबईला जाऊन येणं अन् मजुरी बुडवणं कोणाला परवडतं? आता जिल्ह्याच्या ठिकाणी विचारपूस करता येते, तरी दोन-चार खेपा ठरलेल्या.

काही लोक म्हणतात, दिव्यांगाचा दाखला काढला तर पोराला ठपका लागेल. मी म्हणतो, ठपका तर लागूनच राह्यला आहे, रोज वर्गात, एका अक्षराचा. दाखल्यानं निदान त्याला वेळ तरी मिळेल. उशिरा येणारी तूरही पीकच असते. सोयाबीन घरात आल्यावर ती तीन-चार महिने वावरात उभी राहते, म्हणून कोणी तिला उपटून टाकत नाही.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असं लेकरू असेल, तर एवढंच करा. आधी कान अन् डोळे तपासून घ्या. ते ठीक असले, तर त्याला तोंडी प्रश्न विचारून बघा. तोंडी येतं अन् कागदावर अडतं, असं दिसलं की आळशी म्हणू नका. शाळेत विशेष शिक्षकांची चौकशी करा. अन् पाचव्या-सहाव्या वर्षी घाबरून जाऊ नका. त्या वयात अक्षरं पुष्कळांची उलटी-पालटी होतात. तिसरीपर्यंतही गाडी हलली नाही, तर मात्र थांबू नका.

पुढच्या महिन्यात वाशीमला दवाखान्यात जायचं आहे. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी येते अन् मजूर मिळत नाहीत. मी तारीख पुढं ढकलावी का, या विचारात होतो. काल रात्री जेवताना पोरगा म्हणाला, ‘बाबा, तारीख नका बदलू. सोंगणीचं मी पाहून घेतो. तुम्ही त्याले घेऊन जा.’